नागरी सहकारी बँकेने स्वेच्छेने एकात्मिक अहवाल काढावा का? ताळेबंदात फरक पडतो का?

ताळेबंद
वार्षिक सभांचे अहवाल हातात पडायला लागलेत, म्हणून हा विषय. शेअर बाजारातल्या मोठ्या बँका 'एकात्मिक वार्षिक अहवाल' काढतात. एचडीएफसी बँक, अ‍ॅक्सिस बँक यांचे कोणीही उतरवून बघू शकतो. आर्थिक आकडे, कर्मचारी, तंत्रज्ञान, समाज, पर्यावरण हे सगळं वेगवेगळ्या पुस्तिकांत न ठेवता 'बँक मूल्य कसं निर्माण करते' या एका सूत्रात ओवायचं, असा त्याचा दावा.

पार्श्वभूमी थोडक्यात. अशा अहवालाचा आंतरराष्ट्रीय आराखडा डिसेंबर 2013 मध्ये आला, जानेवारी 2021 मध्ये सुधारला गेला. 2022 पासून तो आंतरराष्ट्रीय लेखामानकं ठरवणाऱ्या आयएफआरएस फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. सेबीने 6 फेब्रुवारी 2017 च्या परिपत्रकात पहिल्या 500 सूचीबद्ध कंपन्यांना 2017-18 पासून हा अहवाल ऐच्छिक केला. पुढे बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचं प्रकटीकरण) आलं, ते मात्र 2022-23 पासून पहिल्या 1000 कंपन्यांना सक्तीचं. यातलं काहीच नागरी सहकारी बँकेला लागू नाही.

उदाहरणासाठी अशी बँक धरा: मुख्यालय सोलापुरात, ठेवी 900 कोटी, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या वर्गवारीत टियर 2. तिने आपणहून हे केलं तर पैशांत काही दिसेल का? प्रतिमा, पारदर्शकता असले शब्द नकोत, आकड्यांत बोला.

शेंगाचटणी
काही दिसणार नाही. कारण सांगतो.

जगभरातल्या अभ्यासात 'आर्थिक परिणाम' म्हणजे बहुतेक शेअरचा भाव, भावाचं पुस्तकी मूल्याशी गुणोत्तर, भागभांडवलाचा खर्च. आपल्या बँकेचा शेअर दर्शनी किमतीला घ्यायचा आणि दर्शनी किमतीलाच परत करायचा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 67 प्रमाणे लाभांश 15 टक्क्यांच्या वर नाही. एक सभासद, एक मत. अहवाल कितीही देखणा काढा, भाव वाढायला भावच नाही.

वरून भागभांडवल गुंतवणूकदाराकडून येतच नाही, ते कर्जदाराकडून येतं. तारणी कर्जावर अडीच टक्के, विनातारण कर्जावर पाच टक्के शेअर घ्यायला लावायचे ही जुनी रीत. भांडवल पर्याप्तता (जोखमीच्या कर्जांच्या तुलनेत बँकेचं स्वतःचं भांडवल) पुरेशी असलेल्यांना आता सूट आहे, पण सवय तीच. ज्याला कॅश क्रेडिट हवंय तो शेअर घेताना अहवाल वाचत नाही ओ, व्याजदर बघतो.

आणि अहवाल चांगला म्हणजे बँक चांगली हेही खरं नाही. येस बँक सप्टेंबर 2019 मध्ये जबाबदार बँकिंगच्या संयुक्त राष्ट्रांच्या तत्त्वांवर पहिल्याच खेपेत सही करणाऱ्यांत होती. 5 मार्च 2020 ला तिच्यावर निर्बंध लागले आणि एटी-1 रोख्यांचे (बँक अडचणीत आली की बुडू शकणाऱ्या भांडवली रोख्यांचे) 8,000 कोटींहून जास्त बुडीत धरले गेले. शाश्वततेची पानं जागेवर होती, कर्जं जागेवर नव्हती.

बाळीवेस
मालक, शेअरच्या भावाबद्दल मान्य. येस बँकेच्या उदाहरणातून मात्र निष्कर्ष अर्धाच काढलात. तिथं इशारा छापलेला होता, फक्त दुसऱ्या पानावर. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2017 मध्ये एनपीएमधली तफावत (थकीत कर्जांचा बँकेने दाखवलेला आकडा आणि तपासणीत निघालेला आकडा यांतला फरक) जाहीर करायला लावली आणि 2016-17 साठी त्या बँकेची तफावत 6,355 कोटी निघाली. तत्त्वांची पानं आणि तफावतीची टीप यांना जोडणारी ओळ अहवालात नव्हती. एकात्मिक अहवालात 'माहितीची सांगड' हे मार्गदर्शक तत्त्व आहे ते नेमकं यासाठी.

आता आपल्या 900 कोटींच्या बँकेकडे येऊ. परिणाम दिसलाच तर तीन ठिकाणी दिसेल.

पहिलं, मोठ्या ठेवी. ठेव विमा 4 फेब्रुवारी 2020 पासून 5 लाखांपर्यंत आहे. त्याच्या आतल्या ठेवीदाराला अहवालाशी देणंघेणं नाही आणि त्यात त्याचं चुकतही नाही. पण पतसंस्था, गृहनिर्माण संस्था, देवस्थान, शिक्षणसंस्था, कारखान्यांचे कर्मचारी निधी यांच्या ठेवी विम्याच्या बऱ्याच वर असतात. सप्टेंबर 2022 मध्ये इथल्याच लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द झाला. तेव्हापासून तरी शहरातल्या प्रत्येक संस्थेच्या खजिनदाराला 5 लाखांचा आकडा पाठ असायला हवा.

हिशोब घाला. सल्लागार, आकडे गोळा करणं, मराठी-इंग्रजी मांडणी, छपाई, बाहेरच्या तपासनीसाचा खात्रीलेख मिळून समजा 15 लाख खर्च. 900 कोटींवर ते 0.017 टक्के, म्हणजे पावणेदोन बेसिस पॉइंटही (एक बेसिस पॉइंट म्हणजे 0.01 टक्का) नाही. पण दर सगळ्या ठेवींवर थोडाच कमी होणार? विम्याबाहेरच्या घाऊक ठेवी 120 कोटी धरल्या तर खर्च भरून यायला तेवढ्यावरच साडेबारा बेसिस पॉइंट वाचले पाहिजेत. 8.10 ची ठेव 7.97 ला नूतनीकरण झाली तरच जमतं. अशक्य नाही, सोपंही नाही.

दुसरं, दीर्घ मुदतीचे दुय्यम रोखे किंवा कायमस्वरूपी प्राधान्य भाग. भांडवल पर्याप्तता 12 टक्क्यांपर्यंत नेताना काही बँकांना हे काढावे लागतात. हे घेणारा माणूस किमान दहा वर्षं अडकतो आणि विमा शून्य. तो वाचतो.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं: अहवालासाठी आकडे एकत्र आणताना कर्जवाटपाचा निर्णयच बदलणं. हा फायदा अहवाल न छापताही मिळतो. पण छापायचं ठरल्याशिवाय कोणी आकडे एकत्र आणत नाही, हीच तर गोम.

गणिती_गड्डा
पुराव्याबद्दल. सर्वात जास्त उद्धृत होणारे अभ्यास दक्षिण आफ्रिकेचे, कारण जोहान्सबर्ग बाजारात 2010 पासून 'पाळा नाहीतर कारण सांगा' असा नियम आहे. 2017 मध्ये आलेल्या एका नावाजलेल्या अभ्यासात अहवालाची गुणवत्ता जास्त तिथं शेअरची तरलता जास्त आणि भावी रोख प्रवाहाची अपेक्षाही जास्त आढळली. गुंतवणुकीचे निर्णयही कार्यक्षम आढळले, म्हणजे बाळीवेस म्हणतात तो तिसरा मार्ग.

पण ते निष्कर्ष उचलून इथं चिकटवता येत नाहीत. तिथं नियम सगळ्यांना, आपल्याकडे ऐच्छिक. ऐच्छिक असलं की पुढे कोण येतं? ज्याचं आधीच बरं चाललंय तो. मग 'अहवाल काढणाऱ्या बँकांचा नफा जास्त' हे वाक्य खरं असूनही निरुपयोगी ठरतं.

भारतीय बँकांवर प्रबंध लिहिणारे हमखास जिथं घसरतात त्या जागा:

तारीख. 2018-19 चा अहवाल लोकांच्या हाती जुलै-ऑगस्ट 2019 मध्ये पडतो. परिणाम त्यानंतरच मोजायचा. 2018-19 च्याच नफ्याशी जोडला तर परिणाम कारणाच्या आधी आला!

नमुना. 12 सरकारी आणि वीसेक सूचीबद्ध खाजगी बँका. आठ वर्षं घेतली की अडीचशे निरीक्षणं दिसतात, पण स्वतंत्र बँका तिशीतच. बँकनिहाय गटवारी न करता प्रमाणत्रुटी (अंदाजातल्या अनिश्चिततेचं माप) काढली की सगळंच लक्षणीय निघतं. गट इतके कमी असले की नेहमीची गटवार त्रुटीसुद्धा खोटा दिलासा देते. वाइल्ड बूटस्ट्रॅप (कमी गटांसाठीची पुनर्नमुना पद्धत) लावावं.

विलीनीकरण. 1 एप्रिल 2020 ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, 1 जुलै 2023 ला एचडीएफसी बँकेत गृहकर्ज देणारी एचडीएफसी आली. मालिका तिथं तुटते. शिवाय 2020 मध्ये हप्तेस्थगिती, त्यामुळे त्या काळातले एनपीए वाचताना दहादा विचार करावा लागतो.

टोबिनचा क्यू (बाजारमूल्य भागिले मालमत्तेचं मूल्य). बँकेच्या मालमत्तेचा बहुतांश भाग ठेवीदारांच्या पैशावर उभा असतो, त्यामुळे हे गुणोत्तर सगळ्यांचंच एकाच्या आसपास घुटमळतं. बँकेसाठी भाव-पुस्तकी मूल्य, निधीचा खर्च आणि निव्वळ व्याज मार्जिन बघा.

आणि मुखपृष्ठावर 'एकात्मिक' लिहिलं म्हणून 1 धरू नका. आराखड्यात आठ आशयघटक आहेत. प्रत्येकाला 0, 1, 2 गुण, दोन वाचकांनी वेगवेगळे द्यायचे आणि जुळणी कप्पा गुणांकाने तपासायची. बीआरएसआर मागे चिकटवून पुढे आराखड्यातल्या सहा भांडवलांचं (आर्थिक, उत्पादित, बौद्धिक, मानवी, सामाजिक, नैसर्गिक) रंगीत चित्र, एवढ्यावर भागवणारे बरेच आहेत.

ताळेबंद
म्हणजे बाहेरचा पुरावा आपल्याला अर्धामुर्धाच लागू. मग तिसऱ्या मार्गावरच बोलू. सोलापूरच्या कर्जखात्यांत 'आकडे एकत्र आणणं' म्हणजे नेमकं काय करायचं?

टॉवेल_मार्केट
सुरुवात कोअर बँकिंगमधल्या व्यवसाय संकेतांकापासून. रिझर्व्ह बँकेच्या विवरणांसाठी कर्जाला व्यवसायाचा कोड लागतो. शाखेत खातं उघडताना घाईत 'इतर व्यापार' किंवा 'इतर' टाकून मोकळे होतात. मग अक्कलकोट रोडचा यंत्रमाग, त्याला सूत विकणारा व्यापारी, त्याचं कापड रंगवणारा डाइंगवाला आणि टॉवेल निर्यात करणारा हे चार वेगवेगळ्या खणांत जातात. कागदावर चार उद्योग, प्रत्यक्षात एकच साखळी. निर्यातीच्या ऑर्डरी थांबल्या की चौघांचे हप्ते दोन-तीन महिन्यांच्या अंतराने थकतात.

त्यामुळे पहिलं काम: 10 लाखांवरच्या सगळ्या कर्जांचे कोड हाताने तपासायचे, आणि सोबत 'साखळी' नावाचा स्वतःचा वेगळा रकाना करायचा: वस्त्रोद्योग, ऊस, डाळिंब, घरबांधणी, पगारदार. दोन हजार खाती असली तर चार माणसांना महिनाभर पुरेल. सरकारी विवरणाचे कोड मोडायचे नाहीत, रकाना समांतर ठेवायचा.

दुसरं, ऊस. लोक म्हणतात नागरी बँक पीककर्ज देतेच कुठं? खरंय. पण ऊसतोड-वाहतूक ठेकेदार, त्यांचे वाहतुकीचे ट्रॅक्टर, ठिबकचे विक्रेते, कृषी सेवा केंद्रं, साखर तारण हे सगळं देते. ही कर्जं शेतीच्या पाण्यावर चालतात आणि नियम मात्र 90 दिवस थकलं की एनपीए असा लागतो. पीककर्जाला हंगामाची सवलत आहे तशी यांना नाही. 31 ऑक्टोबर 2023 ला राज्यात 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात आपल्या जिल्ह्याचे बार्शी, करमाळा, माढा, माळशिरस, सांगोला. पुढच्या उन्हाळ्यात उजनी उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेली. उजनीचा मृतसाठाच 63 टीएमसीहून जास्त असल्यामुळे 'मायनस' असूनही धरणात पाणी दिसतं आणि कर्ज समितीतल्या पुणेकर सल्लागाराला धोका दिसत नाही. (पुणेकरांनी हलकं घ्या.)

आराखड्यातलं 'नैसर्गिक भांडवल' सोलापुरात म्हणजे हे. 15 ऑक्टोबरचा उजनीचा उपयुक्त साठा एका रकान्यात, पुढच्या वर्षीच्या मार्च आणि जूनअखेर ऊस-साखळीतली एसएमए-1 आणि एसएमए-2 खाती (31-60 आणि 61-90 दिवस थकलेली) दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यात. दहा वर्षांच्या दहा ओळी. हा एक तक्ता अहवालात आला तर झाडं लावल्याचे सगळे फोटो काढून टाकले तरी चालतील.

शेंगाचटणी
आणि ते कार्बनचं? त्याशिवाय सल्लागार सोडत नाहीत म्हणे.

टॉवेल_मार्केट
सूत्र सोपं आहे, माहिती अवघड. कर्जदाराच्या एकूण उत्सर्जनात बँकेचा वाटा म्हणजे शिल्लक कर्ज भागिले त्याचं स्वतःचं भांडवल अधिक एकूण कर्ज. एका यंत्रमाग कारखान्याचं बिल वर्षाला 1,20,000 युनिट धरा. ग्रिडच्या विजेला युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे 84 टन. त्याचं भांडवल आणि कर्ज मिळून 1 कोटी, त्यात आपलं कर्ज 40 लाख, तर आपल्या वाट्याला 33.6 टन.

कुठं बिघडतं? डाइंगमध्ये. तिथं बॉयलरला कोळसा नाहीतर लाकूड जळतं, नुसतं वीजबिल घेतलं की सगळ्यात जास्त धूर काढणारा सगळ्यात स्वच्छ दिसतो. दुसरं, जागामालकाच्या नावावर मीटर आणि कर्ज भाडेकरूच्या नावावर. तिसरं, घरातच चार माग असतील तर घरची वीज वेगळी काढताच येत नाही. या पद्धतीत माहितीच्या दर्जाला 1 ते 5 गुण देतात, 1 सगळ्यात चांगला. आपल्याकडं बहुतेक खाती 4-5 मध्येच बसतील. ते लपवू नये, आकड्याशेजारी लिहावं.

रिझर्व्ह बँकेने 28 फेब्रुवारी 2024 ला हवामान-जोखीम प्रकटीकरणाचा मसुदा काढला तेव्हा नागरी बँकांपैकी फक्त टियर 4, म्हणजे 10,000 कोटींवर ठेवी असलेल्या त्यात धरल्या. 900 कोटींच्या बँकेनं पहिल्या वर्षी पाण्यावर जोर द्यावा, कार्बन दुसऱ्या वर्षी, तोही फक्त वरच्या 50 कर्जदारांचा.

बाळीवेस
आता वेळापत्रक, कारण बहुतेकांचं इथंच फसतं. सभा 30 सप्टेंबरपर्यंत, नोटीस 14 दिवस आधी. म्हणून जुलैत छापखान्याला फोन, आणि छापखानाच म्हणतो 'साहेब, गेल्या वर्षीचा मजकूर पाठवा'. एकात्मिक अहवाल जुलैत सुरू करायची गोष्टच नाही. ऑक्टोबरमध्ये व्यवस्थापन मंडळाने विषय निवडावेत. 100 कोटींवर ठेवी असलेल्या बँकेत ते मंडळ असतंच, त्याला यापेक्षा चांगलं काम नाही. विषयांची यादी तीस-पस्तीसची होईल, ती आठावर आणा. गाळणी एकच: या विषयामुळे पुढच्या तीन वर्षांत व्याज उत्पन्न, तरतूद किंवा ठेवी हलतील का? तपासणी अहवालातले शेरे आणि पहिल्या वीस ठेवीदारांशी बोलणं, इथून निम्मे विषय मिळतात.

जानेवारीपर्यंत प्रत्येक आकड्याचा मालक ठरवा: आकडा, कुठल्या प्रणालीतून, कोणत्या तारखेचा, कोणाची सही. कर्मचारीसंख्या एका पानावर कंत्राटी धरून आणि दुसऱ्या पानावर सोडून, असं ज्या अहवालात सापडतं तिथं वाचक पुढचं काहीच मानत नाही. मार्चअखेरचे आकडे वैधानिक लेखापरीक्षणाबरोबरच बंद करा, नंतर नाही.

सहा भांडवलांची सहा प्रकरणं करू नका. आराखडाच सांगतो की ती वर्गवारी जशीच्या तशी वापरण्याची सक्ती नाही. प्रकरणं साखळीनुसार करा: वस्त्रोद्योगाला किती दिलं, त्यातून व्याज किती आलं, किती थकलं, का थकलं, पुढच्या वर्षी मर्यादा किती.

आणि एक नाजूक गोष्ट. 'निव्वळ एनपीए शून्य टक्के' (तरतुदी वजा जाता थकीत कर्ज शून्य) हे फलक आपल्या शहरात चौकाचौकात लागायचे. बरेचदा ते शून्य नफ्यातून बाजूला काढलेल्या बुडीत व संशयित कर्ज निधीची वजावट करून आलेलं असायचं. 2 ऑगस्ट 2024 च्या परिपत्रकाने ते थांबवलं: 2024-25 पासून नियमाप्रमाणे लागणारी तरतूद नफा-तोटा पत्रकात खर्चच टाकायची, आणि निव्वळ एनपीए काढताना तो निधी वजा धरायचा नाही. त्यामुळे काही बँकांचं शून्य मोडलं, कर्जं आणखी बिघडली नसतानाही. एकात्मिक अहवाल काढायचा तर हा बदल जुना आकडा आणि नवा आकडा शेजारी ठेवून एका परिच्छेदात समजावून सांगा. हे टाळून 'सामाजिक भांडवला'वर चार पानं लिहिणं म्हणजे निव्वळ जाहिरात.

शेंगाचटणी
इथंच भीती आहे ना. 'वस्त्रोद्योग साखळीत आमचे 35 टक्के अडकलेत' असं स्वतःहून छापलं आणि टिळक चौकात चहाच्या गाडीवर ते 'बँक अडकली' असं पोचलं, तर? सोमवारी रांग लागेल. न छापणाऱ्या बँकेत मात्र शांतता.

बाळीवेस
भीती रास्त आहे. पण रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे पहिल्या वीस ठेवीदारांचा आणि पहिल्या वीस कर्जदारांचा वाटा ताळेबंदाच्या टिपांत छापावा लागतोच. म्हणजे एकवटलेपण उघडं आहेच, फक्त बारीक अक्षरांत आणि उपायाशिवाय. एकात्मिक अहवालात त्याच्याशेजारी मर्यादा, तारणाचं मूल्य आणि रोखतेची स्थिती येते. नुसता 35 टक्के हा आकडा टाकणार असाल तर टाकूच नका. 35 वरून 28 वर किती तिमाहींत आणणार हे संचालक मंडळाने ठरावात घेतल्यावरच छापा.

खात्रीलेखाबद्दल कोणी विचारलं नाही, तरी सांगतो: पहिल्या वर्षी पाच-सात निवडक आकड्यांवर मर्यादित खात्री पुरे. आयसीएआयचं (सनदी लेखापालांच्या संस्थेचं) एसएसएई 3000 हे मानक त्यासाठीच आहे. वैधानिक लेखापरीक्षकाची आर्थिक पत्रकांवरची सही म्हणजे अख्ख्या अहवालावरची सही, असा समज होऊ देऊ नका. कोणत्या पानापासून कोणत्या पानापर्यंत कोणी तपासलं हे 'अहवालाचा आधार' या भागात लिहा.

गणिती_गड्डा
मूळ प्रश्न पैशांत फरकाचा होता, तर एका बँकेपुरतं मोजायची पद्धत देतो. दुसऱ्या बँका शोधायची गरजच नाही. नियंत्रण गट स्वतःच्याच बँकेत आहे: विम्याच्या आतले ठेवीदार.

अहवाल प्रसिद्ध होण्याआधीच्या आठ तिमाही आणि नंतरच्या आठ घ्या. दोन गट करा, 5 लाखांच्या आतले आणि 10 लाखांच्या वरचे. मधले सोडा, कारण 5 च्या काठावरचे लोक खाती फोडतात. प्रत्येक गटात मुदत संपलेल्या ठेवींपैकी किती टक्के रकमेचं नूतनीकरण झालं आणि कोणत्या दराने, हे काढा. वरच्या गटातला बदल वजा खालच्या गटातला बदल. रिझर्व्ह बँकेने रेपो हलवला किंवा शेजारच्या बँकेने दर वाढवला तर दोन्ही गटांना साधारण सारखाच लागतो, तो वजा होऊन जातो. उरतो तो विमा नसलेल्यांच्या विश्वासातला फरक. अहवालाचं श्रेय त्यालाच, तेही त्या काळात मोठ्या ठेवींसाठी वेगळी योजना काढली नसेल तर.

टॉवेल_मार्केट
गट पाडताना खातेनिहाय नको, ठेवीदारनिहाय पाडा. विमा एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून, एकाच नात्याने ठेवलेल्या मुद्दल-व्याजावर असतो. ग्राहक क्रमांक दोन-दोन, तीन-तीन असलेले लोक सापडतील, आधी ते एकत्र करा. नवरा-बायकोची संयुक्त खाती पहिल्या नावाप्रमाणे वेगळी धरा, कारण नावांचा क्रम बदलला की विमाही वेगळा होतो.

ताळेबंद
कोअर बँकिंगमधून नूतनीकरणाचा तपशील काढताना स्वयंनूतनीकरण झालेल्या ठेवी वगळायच्या की धरायच्या?

गणिती_गड्डा
वगळा. तिथं ठेवीदाराने काहीच ठरवलेलं नसतं. पण किती वगळल्या हे लिहा. घाऊक गटात स्वयंनूतनीकरण फार असेल तर उरलेला नमुना लहान होईल आणि मग आठ तिमाहींऐवजी बारा घ्याव्या लागतील.